चाप घासून द्या ना, सर

"सर, याचा घोडा लय जड हाये. दाबू दाबू बोट दुखून राह्यलं. घासून द्या ना जरासा."

कापूस विकून झाला की वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात माझं टिनाचं शेड रिकामं होतं. मग सकाळी ऊन तापायच्या आत पोरं एअर रायफल घेऊन तिथे सरावाला येतात, आणि घोडा, म्हणजे रायफलचा चाप (ट्रिगर), घासून हलका करून द्यायचा हा विषय दर उन्हाळ्यात निघतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो. त्यामुळे सरांच्या हातात कानस आली की पाच मिनिटांचं काम, असं सगळ्यांनाच वाटतं. २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून येणारे वाढले आणि विचारणारेही. स्वप्निलचा प्रकार ५० मीटरचा आणि रायफलही वेगळी, पण पोरांनी टीव्हीवर पाहिलं ते एवढंच की नेमबाजाचं बोट हललेलंसुद्धा दिसत नाही. चाप घासून का देत नाही, असं तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मी घासून देत नाही. एकदा घासलं होतं, स्वतःच्याच रायफलचं. तेव्हा मी तिशीत होतो आणि हातातल्या कसबाचा अभिमान होता. ऑइलस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) सिअरची, म्हणजे चाप ओढल्यावर सुटणाऱ्या आतल्या आकड्याची, कड अशी चमकवली की चाप लोण्यासारखा सुटायला लागला. दोन दिवस झकास चालली. तिसऱ्या दिवशी नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) छर्रा बसवत असताना आतला आकडा आपोआप निसटला आणि उघडी नळी फटकन वर आली. तर्जनीचं पेर फाटलं, चार टाके पडले, नळी कायमची वाकली. छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी धरलेली नव्हती, ही दुसरी चूक. माझ्या जागी पुतण्या असता तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो.

असं का होतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक रायफली स्प्रिंगच्या. नळी मोडली की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि सिअर नावाचा एक छोटा आकडा पिस्टनला खाचेत अडवून धरतो. त्या स्प्रिंगचा सगळा जोर या एका कडेवर असतो. बोटाने ओढतो तो चाप ती कड हळूहळू सरकवतो आणि सोडतो. जोर मोठा म्हणून घर्षण मोठं, घर्षण मोठं म्हणून चाप जड. स्पर्धेतल्या १० मीटर रायफलीत दाबलेली हवा आधीच भरलेली असते. तिथे चापाला फक्त एक हलका हातोडा सोडायचा असतो, म्हणून तो शंभरेक ग्रॅमवरही सुटू शकतो. नियमातही एअर रायफलच्या चापाला कमीत कमी वजनाची अट नाही, पिस्तुलाला मात्र ५०० ग्रॅमची आहे. पण तो हलकेपणा त्या यंत्राचा आहे, आपल्या स्प्रिंगच्या रायफलीत तो कानशीने येत नाही. सिअरची कड वरून पातळ थरापुरतीच कडक केलेली असते. तो थर घासला की खालचं मऊ लोखंड महिन्याभरात झिजतं, आणि कोन जरासा फिरला तर पकडच सुटते. चापामागची स्प्रिंग कापून आखूड करणारेही भेटतात. त्यांनाही माझं हेच सांगणं.

मग करायचं काय? आधी मोजा. पोतं तोलायचा छोटा डिजिटल हुक काटा कोणाकडेही मिळतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, तोंड छर्रे अडवणाऱ्या वाळूच्या पेटीकडे. छर्रा भरा, कारण स्प्रिंगची रायफल रिकामी सोडली तर पिस्टन पुढे थाडकन आदळतो आणि त्याचं हवा अडवणारं सील जातं. चापाच्या मधोमध हुक अडकवून सरळ मागे ओढा आणि सुटतानाचा आकडा वाचा. पाच वेळा करा. गेल्या महिन्यात एका पोराची रायफल अशी मोजली तर साडेतीन किलोच्या वर आली. रायफलचं स्वतःचं वजन तीन किलो. एवढं ओढताना ती नेमावर राहणार कशी?

त्या रायफलचा दस्ता काढला. नळी मिटलेली, स्प्रिंग सुटलेली, छर्रा नाही, हे दोनदा पाहून मगच दोन बाजूचे आणि चापाच्या कड्याजवळचा एक, असे तीन स्क्रू काढले. आत सरकीच्या रुईचे तंतू, काळ्या मातीची धूळ आणि कधीचं तरी शिलाई मशीनचं तेल, यांची मिळून एक काळी वात झाली होती. जुन्या टूथब्रशने ती खरवडून काढली, कापडाने पुसलं. पिनांना रॉकेल अगदी थेंबभर लावलं. सिलिंडरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्यात, ते जाऊ द्यायचं नाही, कारण तिथे तेल गेलं की दाबाने पेट घेतं आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात. मग चाप आणि सिअर जिथे एकमेकांना घासतात तिथे मोहरीच्या दाण्याएवढं मॉली ग्रीस काडीने लावलं. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं ते काळं ग्रीस. साधं तेल एवढ्या दाबाखाली बाजूला पळतं, मॉली तिथेच टिकतं. सिलिंडरचं मागचं बूच आम्ही उघडलं नाही. सुटलेल्या रायफलीतही आतली स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. ती काढायला शिकंजा लागतो, आणि नुसत्या हाताने बूच खोललं तर ते तोंडावर येतं.

काही रायफलींना चापाजवळ ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो. फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करा आणि एका वेळी पाव फेराच फिरवा. काही मॉडेलमध्ये तो फक्त चापाचा ताण बदलतो, काहींत सिअरची पकड कमी करतो. माहितीपत्रक वाचून आपला कोणता ते कळल्याशिवाय हात लावू नका. नंतर रायफल भरून, तोंड पेटीकडेच ठेवून, बोट चापापासून लांब ठेवून, तळहाताने दस्त्यावर दहा वेळा थोपटा. एकदाही सुटली तर स्क्रू खुणेवर परत. तेवढ्यानेही थांबली नाही तर ती रायफल वापरायची नाही, कारागिराकडे द्यायची. आणि छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरायची, रोज, प्रत्येक वेळी.

संत्र्याच्या बागेत माकडं येतात म्हणून चाप हलका करून मागणारेही असतात. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण छर्रा लागलेलं वानर लगेच मरत नाही, आठ-आठ दिवस कुजून मरतं. ते मी पाहिलं आहे.

एवढं करूनही चाप जड वाटला तर बोट पाहा. पुष्कळ पोरं पेराच्या खोबणीत चाप घेतात आणि ओढताना रायफल बाजूला जाते. बोटाच्या टोकाकडच्या मऊ भागाने, सरळ मागे, श्वास अर्धा सोडून ओढायचं. पहिला ढिला भाग संपतो आणि कड लागते, ती जागा ओळखायला शिकायचं. डाव्या हाताने पुढचा दस्ता आवळायचा नाही, तळव्यावर नुसता टेकू द्यायचा. स्प्रिंगची रायफल सुटताना पुढे-मागे उसळतेच, तिला उसळू द्यायचं.

त्या पोराची रायफल जोडून झाल्यावर तीस छर्रे मारले आणि मग त्यानेच काटा लावला. दोन किलो सातशे, सातशे वीस, सहाशे नव्वद, सातशे, सातशे दहा. वहीत आकडे लिहिताना तो म्हणाला, "सर, हलका तं जास्त नाही झाला, पण दरखेपेस सारखाच सुटून राह्यला."

मी त्याला तेच आकडे अधोरेखित करायला सांगितले आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचं ठरलं.