व्हॅन टंगमर्गला ठेवून गुलमर्गमध्ये काढलेला हिवाळा

मुंबईत आजवर सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते 7.4 अंश, 22 जानेवारी 1962 रोजी, सांताक्रूझला. काश्मीरमधल्या गुलमर्गला ऐन हिवाळ्यात दुपारीसुद्धा बहुधा एवढी ऊब नसते. जन्म पार्ल्यात काढलेल्या आम्हा दोघांना तिथे स्कीइंगचा अख्खा हंगाम राहायचं होतं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय. विचारणारे बरेच आहेत आणि मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही.

आम्ही दोघंही लॅपटॉपवर काम करणारे, त्यामुळे व्हॅनमधून फिरणं जमतं. दिवाळीनंतर राजस्थान, पंजाब आणि मार्चनंतर हिमाचल असा बेत होता. मधले महिने एकाच जागी राहून स्कीइंग नीट शिकायचं ठरवलं. चार-पाच दिवसांच्या सहलीत बूट घालायची सवय होईपर्यंत परतीची तारीख येते. त्यात वाऱ्यामुळे दोन दिवस गोंडोला, म्हणजे वर नेणारी केबल कार, बंद राहिला की संपलंच. हंगामभर राहणाऱ्याला वाईट दिवस सोडून देता येतात. सगळ्यात मोठा फायदा हाच.

घरी सांगणं सोपं नव्हतं. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात डोंबिवली, पनवेल, पुण्याची माणसं गेली. आई एवढंच म्हणाली, "अगं, बर्फ मनालीलाही पडतो ना?" तिचं म्हणणं रास्तच होतं. मनालीजवळ सोलंग आहे, उत्तराखंडात औली आहे, पण गुलमर्गइतकी उंची आणि उतार तिथे नाहीत. रोज रात्री फोन करायचा, कुठे निघालो ते आधी कळवायचं, या अटीवर ती तयार झाली आणि तो शब्द आम्ही पाळला.

मुंबईतून निघण्यापूर्वी करायच्या गोष्टींत पहिली फोनची. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दुसरी विम्याची. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, त्यामुळे बारीक अक्षरातलं वाचून वेगळं कव्हर घ्यावं लागतं. व्हॅनच्या आतले बदल आरसीवर नोंदलेले हवेत, कारण नाक्यावर कागद बघतात. तिसरी गोष्ट पायांची. सप्टेंबरपासून सोसायटीची लिफ्ट सोडली. चढण्यापेक्षा जिने उतरणं कामी आलं, कारण स्कीइंगमध्ये मांड्या भरून येतात त्या खाली जाणारं अंग सावरून धरताना. रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालत जायचो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. हंगामात व्हॅनमध्ये राहू नका. परदेशातले व्हिडिओ बघून मोह होतो, पण त्या गाड्यांत डिझेलवर चालणारा हीटर असतो आणि भिंतींत जाड इन्सुलेशन असतं. आपल्याकडच्या बहुतेक व्हॅन कोकण-गोव्याच्या हवेला धरून बांधलेल्या. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणजे टाकी आणि पाइप फुटायची भीती. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. गॅसच्या सिलिंडरमधला दाब थंडीत उतरतो आणि चहाचं आधण येता येत नाही. ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. त्याला ना वास ना रंग.

म्हणून गुलमर्गच्या साधारण तेरा किलोमीटर खाली, टंगमर्गला, एका कुटुंबाच्या घरात वरची खोली घेतली. व्हॅन त्यांच्या अंगणात लावली. पाण्याची टाकी रिकामी केली, नळ उघडे ठेवले, बॅटरी काढून खोलीत आणली. हँडब्रेक गोठून अडकतो, म्हणून तो न लावता गाडी गिअरमध्ये टाकली आणि चाकांना दगड लावले. वायपर काचेवरून उचलून ठेवले. जम्मूच्या पुढे डिझेलची टाकी काश्मीरमध्येच भरली होती, कारण खाली मैदानात मिळणाऱ्या डिझेलमधलं मेण कडाक्यात थिजून फिल्टर तुंबवतं. बर्फ पडला की टंगमर्गवरून वर फोर-बाय-फोर किंवा चाकांना चेन लावलेली गाडीच सोडतात. रोज शेअर टॅक्सीने जाणं आम्हाला सगळ्यांत सोयीचं पडलं.

खोलीत लाकडावर चालणारी बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, होती. झोपताना ती विझवायची आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची, हा घरमालकीणबाईंचा नियम. फेरनच्या, म्हणजे तिथल्या लांब सैल झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरायला त्यांनीच शिकवलं. वीज जायची, म्हणून कामाच्या फाइल्स पहाटेच पाठवून मोकळं व्हायचो.

21 डिसेंबरला चिल्लई कलां सुरू होतो. चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ. पण थंडी आली म्हणजे बर्फ आलाच असं नाही. हा बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांबरोबर, थेट भूमध्य समुद्राकडून येतो. जानेवारी 2024 मध्ये विक्षोभ न आल्याने गुलमर्ग कोरडं पडलं होतं. आम्हीही वाट पाहिली. पडला तेव्हा तांदळाच्या पिठीसारखा, मुठीत न धरणारा. याच पावडरसाठी जगभरातले लोक इथे येतात.

शिकायला इथे आयआयएसएम ही स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिचे ठरावीक कालावधीचे वर्ग असतात. आम्ही मात्र स्थानिक प्रशिक्षकाकडे शिकलो. बुटांना पहिल्या दिवशी वेळ द्या, असं कळकळीने सांगेन. ताठ उभं राहिल्यावर बोटं बुटाच्या टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. पायमोजा एकच आणि पातळ घाला. दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात. मग स्कीची टोकं आत वळवून टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे वेग आवरतो. सर ओरडायचे, "पाँव मत देखो, नीचे देखो!" नजर जिथे, तिथे अंग जातं. हे मांड्यांना पटायला मला जानेवारी गेला, आणि त्या सपाट मैदानातल्या छोट्या उतारावर घालवलेल्या एकाही सकाळीबद्दल मला वाईट वाटत नाही.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, 1998 मध्ये सुरू झालेला. दुसरा 2005 चा, अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. वरचे उतार यंत्राने दाबलेले नसतात आणि तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. गाडलेल्या माणसाला वाचवायला मिनिटंच असतात, आणि ते काम बरोबरच्या माणसांनीच करायचं असतं. म्हणून बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं सिग्नलयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं तिन्ही हवीत, वापरायचा सराव हवा. आम्ही फेब्रुवारीअखेर गाइडबरोबर, गस्तीपथकाने खुल्या केलेल्या भागातच उतरलो. माझे गुडघे थरथरत होते, पण वळणं सुटली नाहीत. खाली पोचल्यावर नवऱ्याने मला मिठी मारली आणि आम्ही दोघंही रडलो.

मार्चमध्ये भाऊ कटऱ्याहून रेल्वेने श्रीनगरला आला, तोवर अंगणातला चिखल सुटायला लागला होता. बॅटरी परत बसवली, पाण्याची टाकी धुऊन भरली, टायरची हवा तपासली आणि नवयुग बोगद्यातून जम्मूकडे, पुढे कांगड्याला निघालो. पुढच्या वर्षी खोली तीच घेणार आहोत. बूट मात्र स्वतःचे विकत घेऊ, स्की भाड्याच्या चालतील. आणि पोचायचं ते डिसेंबरच्या मध्यालाच, म्हणजे बर्फ उशिरा आला तरी सोसायला हाताशी दिवस राहतात.