एका शब्दासाठी पाच आठवडे : प्रोजेक्ट मंजुरीचा माझा अनुभव

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षी मी विषय घेतला होता : आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेप्रमाणे अवकाशकाल (अवकाश आणि काळ मिळून) वक्र न मानता कालविस्तार, म्हणजे गुरुत्वाजवळ घड्याळं मंद चालणं, समजावता येतो का? वाचन, टायपिंग, बाइंडिंग सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या एका पानाच्या मंजुरी फॉर्मवर.

माझी कल्पना साधी होती. वस्तुमानाजवळ घड्याळं खरोखरच मंद चालतात आणि प्रकाशही मंदावतो, जणू तिथे भिंग ठेवलंय. अवकाश मात्र सपाटच. घड्याळांचे आकडे जुळत होते. जीपीएस उपग्रहांची घड्याळं गुरुत्वामुळे दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे 7 मागे पडतात, निव्वळ 38 पुढे. मी तर आमच्या घोडबंदर रोडवरच्या इमारतीचंही गणित केलं होतं : सत्तर मीटर उंचीवरचं घड्याळ तळमजल्यापेक्षा वर्षाला साधारण पाव मायक्रोसेकंद पुढे. फुशारकीने तेही फॉर्मला जोडलं.

फॉर्म परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीने एवढंच : 'पुनर्विचार करावा.' कशाचा?

शीर्षक बदलून पुन्हा दिला. खिडकीवरचे काका म्हणाले, "साहेबांच्या टेबलावर आहे, सोमवारी ये." सोमवारी साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी फॉर्मच सापडेना. (झेरॉक्स काढून ठेवा, हे आधीच सांगायला हवं होतं.) घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तासभर यायचं आणि "जेवणाची सुट्टी आहे" ऐकायचं. नवा फॉर्म भरला, त्यावरही तीच पेन्सिल.

चौथ्या आठवड्यात कमिटीतल्या एका सरांना जिन्यातच गाठलं. ते उतरता उतरता म्हणाले, "तुझ्या हिशोबात सूर्याच्या कडेने जाणारा प्रकाश किती वळतो, ते काढून आण."

बाहेरच्या बाकावर बसून काढलं. 0.87 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). 1919 च्या सूर्यग्रहणात तपासलेला, वक्र अवकाशकालातून येणारा आकडा होता 1.75. बरोबर निम्मं! कान गरम झाले. मग आठवलं, 1911 मध्ये खुद्द आइन्स्टाइनही याच निम्म्यावर थांबले होते, तेव्हा थोडं बरं वाटलं.

उरलेलं निम्मं मोजपट्टीत होतं. घड्याळाबरोबर पट्टीही आखडते असं धरलं, की प्रकाश दुप्पट मंदावतो आणि 1.75 मिळतो. पण सगळीच घड्याळं आणि सगळ्याच पट्ट्या अशा बदलत असतील, तर मोजून फरक दिसणार कशात? म्हणजे माझं म्हणणं वेगळा सिद्धान्त नव्हतंच, आइन्स्टाइनच्याच गणिताचं वेगळ्या भाषेतलं सांगणं होतं. 'अल्टरनेटिव्ह थिअरी' खोडून 'अल्टरनेटिव्ह फॉर्म्युलेशन' लिहिलं. दोन दिवसांत सही.

सरांचा प्रश्न रास्तच होता. पण तो पेन्सिलीने फॉर्मवर लिहिला असता, तर कोणाचं काय गेलं असतं?

असा विषय घेणार असाल तर बुधाची कक्षाही करून ठेवा. ती कक्षा स्वतःच हळूहळू फिरते; त्यातले आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून येणारे शतकाला 43 आर्कसेकंद मिळवायला गुरुत्वाच्या पहिल्या घातापर्यंतचं सूत्र पुरत नाही, दुसऱ्या घातापर्यंत जावं लागतं. व्हायवात मला पहिला प्रश्न तोच आला. इमारतीचं गणित कोणी विचारलं नाही.