देव एक, घड्याळं दोन

प्रार्थनेला किंवा समूहगायनाच्या सरावाला येता-येता दोघांचं जुळलं, की लोक म्हणतात, देवानंच गाठ घातली. घातली असेल. पण थोडं श्रेय ठरलेल्या वाराला आणि ठरलेल्या जागेलाही द्यायला हवं. तीच गोष्ट पुन्हापुन्हा नजरेस पडली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार जवळची मैत्री व्हायला साधारण २०० तासांचा सहवास लागतो. आठवड्याला दोन तासांचा सराव धरला तर जवळजवळ दोन वर्षं झाली! म्हणून खरी प्रगती होते ती सराव संपल्यावर. खुर्च्या कोण आवरतं, न सांगता झाडू कोण हातात घेतं आणि नेमक्या त्याच वेळी कोणाला महत्त्वाचा फोन येतो, हे बघावं. डोळे मिटून गाताना सगळेच गुणी दिसतात.

आवडीनिवडींच्या यादीवर मात्र फार विसंबू नये. वाचन, प्रवास, संगीत. हे कोण लिहीत नाही? शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, कधी, आणि पुरं केलं का, हे विचारलं की यादी झपाट्यानं आखडते. त्यातही एकाला वाचन म्हणजे तीन तास शांतता, तर दुसऱ्याला दर पानावर चर्चा हवी. डोंगर दोघांनाही आवडतो, पण एक घड्याळ लावून चढतो आणि दुसरी प्रत्येक फुलापाशी थांबते. आवड एक असूनही भांडण ठरलेलं. त्यापेक्षा दोघांनाही न येणारं काहीतरी एकत्र शिकावं. आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोडप्यांचे हातपाय एकमेकांना बांधून त्यांना हात न लावता उशी घेऊन रांगायला लावलं होतं. साधं, कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा या रांगणाऱ्यांना आपलं नातं अधिक गोड वाटू लागलं. घरी उशी नको, एखादं अवघड गाणं पुरे.

श्रद्धेचं गणित याहून नाजूक. धर्म एक, देव एक, आणि तरी एकाची प्रार्थना पहाटे तासभर, दुसऱ्याची सणासुदीपुरती. ‘दोघंही श्रद्धाळू आहोत’ एवढ्यावर साखरपुडा ठरतो आणि पुढे रविवार सकाळ कोणाची, यावर अबोला सुरू होतो. यावर एक साधा उपाय आहे. दोघांनी वेगवेगळं बसून मागच्या महिन्याचा हिशेब कागदावर लिहावा: प्रार्थनेला किती वेळ दिला, उपास कोणते आणि किती कडक केले, मिळकतीतलं किती दान दिलं, देवाधर्माच्या नावाखाली कोणती कामं टाळली. मागचाच महिना, पुढचे संकल्प नकोत. संकल्पांत सगळेच संत असतात. मग कागद शेजारी ठेवावेत. फरक असणारच. आपल्याइतकं समोरच्यानं करावं अशी अपेक्षा आहे का, हे तिथेच बोलून घ्यावं. मुलांना काय शिकवायचं आणि उद्या एकाची श्रद्धा कमी झाली तर काय, हेही. आणि केवळ समोरच्यासाठी प्रार्थनेला येणारा माणूस ओळखायचा असेल, तर आपण गावाला गेल्यावर तो येतो का, याची चौकशी करावी. थोडा चोंबडेपणा आहे, पण उपयोगी.

एवढं झाल्यावर अंगठी. मागणी अचानक घालायला हरकत नाही, लग्नाचा निर्णय मात्र समोरच्याला अचानक कळू नये. माप संध्याकाळी घ्यावं, थंडीत गारठलेल्या सकाळी नाही. गारठ्यात बोट बारीक होतं. दोरा बोटाभोवती बेतानं गुंडाळून मोजावा. लांबी ५३ मिलिमीटर आली तर तिला ३.१४ नं भागून आतला व्यास साधारण १६.९ येतो. सांधा जाड असेल तर त्याचंही माप घ्यावं, अंगठी त्यावरून सरकायला हवी. अंगठीची पट्टी रुंद असेल तर माप किंचित सैल धरावं. आत नाव कोरायचं असेल तर मात्र ते माप नक्की झाल्यावरच, कारण कोरल्यानंतर अंगठी लहान-मोठी करताना अक्षरं बिघडू शकतात.