आईनं वर पाहिलं नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ती इतकी बारकी आहे, की कुणाला सांगायला गेले तर एका वाक्यात संपेल. माझा पाय उडाला आणि आईनं वर पाहिलं नाही.

ती खाली पाटावर बिरडी सोलत होती. भिजलेला वाल चिमटीत धरायचा, दाबायचा, की दाणा सुळकन परातीत आणि साल बोटाला चिकटलेली. मी शेजारी खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. वीस तारीख जवळ आली की जीएसटीवाल्यांना रविवार नसतो. तेवढ्यात उजवा पाय फूटरेस्टवरून उडाला आणि परातीवर आपटला. चार दाणे उडाले. आईनं डावा हात माझ्या गुडघ्यावर दाबून धरला, उजव्या हातानं सोलणं चालूच, आणि तोंडानं सुलूमावशीकडच्या साखरपुड्याचं चालूच. पाय थरथरून शांत झाला तशी तिनं हात काढला. गाऊनवर ओली बोटं उमटलेली. मला ओल लागली नाही, दिसली.

मान काही तिनं वर केली नाही.

सत्तावीस वर्षं ती मान वर होत आलीय. हातातलं काम थांबायचं, डोळ्यांत अर्धा क्षण काहीतरी पेटायचं, मग ते विझवून म्हणायची, "थंडी वाजते का गो?"

तिचं तरी काय चुकलं होतं? मे १९९८, आजोळचा रायवळ आंबा, मी नऊ वर्षांची. दादानं आणि बापूनं मला काखेत आणि पायाला धरून उचललं... ते आज नको. पुढे कित्येक आठवडे पाय नुसते लाकडाचे ओंडके. आणि एके दिवशी अंगठा हलला! आईनं वॉर्डात पेढे वाटले, आयाबायांना, वॉचमनला, पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना मधुमेह होता तरी. मग डॉक्टरांनी तिला बाहेर नेऊन सांगितलं, की मेंदूचा निरोप डी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याशी, अडकतोय. त्याच्या खाली मज्जारज्जूचा आपला वेगळाच कारभार चालू असतो, तो परस्पर पाय उडवतो. याला स्पॅझम म्हणतात, गोळी देऊ. आईनं सगळं ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

बाबांनी मात्र ठेवला. घरी आणलं त्याच पावसाळ्यानंतर त्यांनी उतार बांधायला घेतला. इंचाला फूटभर लांबी, असा हिशेब असतो. आमचं जोतं दीड फूट, म्हणजे उतार अठरा फूट. आड आलेलं अनंताचं झाड त्यांनी स्वतः मुळासकट काढलं. त्या दिवशी त्यांचं ठरलं असणार. माझं ठरलं बाराव्या वर्षी, मुंबईला हाजीअलीच्या पुनर्वसन केंद्रात कॅलिपर मिळाले तेव्हा. कमरेपासून टाचेपर्यंत पट्टे आणि सळ्या. दोन दांड्यांच्या मधून सहा पावलं टाकली आणि घामानं फ्रॉक पिळून काढावा लागला. म्हटलं, त्यापेक्षा चाकं बरी. कॅलिपर माळ्यावर गेले.

आईचं काही ठरलं नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. दादानं मला पाठीवर घेऊन शेजारच्यांच्या गच्चीवर नेलं. खुर्ची गेली, कपाटं गेली, बाबांचा फोटो गेला. माळ्यावरचे कॅलिपर तेवढे कोरडे राहिले. चिखल काढता काढता आईनं ते खाली उतरवले, पदरानं पुसले आणि परत वर ठेवले. मी काही बोलले नाही.

एरवी मात्र खूप बोललेय. कॉलेजात असताना तर खेकसायचेच, "कशाला बघतेस? काही होणार नाहीये!" ती म्हणायची, "बघत नाही मी, दिसतं." तिची ती नजर नको व्हायची मला. मी डिग्री काढली, बाजूला चाकं लावलेली स्कूटर घेऊन मार्कंडीपर्यंत एकटी जायला लागले, चाळीसएक लोकांचे हिशेब बघते, आणि हिला अजून माझा अंगठाच दिसतो!

आणि आता नजर गेली तर मीच रुसून बसलेय. जगात एक माणूस वाट बघत होतं, तेही उठून गेलं, असं काहीतरी. लिहिल्यावर किती रडकं दिसतं हे.

कधी गेली पण? जानेवारीपर्यंत तरी होती. मुरलीकांत पेटकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा टीव्हीसमोर म्हणाली होती, "बघ, मिळतंच शेवटी." १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला पोहण्यात सुवर्ण जिंकलेला माणूस, अर्जुन मिळाला २०२५ ला. मी म्हटलं, "अगं, पदक तेव्हापासून होतंच त्यांच्याकडे." ती गप्प झाली. तेव्हाच गेली असेल का? माझ्या बोलण्यानं?

हे इथवर लिहिलं होतं, तर आई थर्मामीटर घेऊन खोलीत.

"लाव."

"कशाला?"

"सकाळपासून तीनदा उडाला. एकदा आंघोळीच्या वेळी, एकदा जेवताना, मघाशी परातीवर. लघवी गढूळ आहे?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे आहे. नळी वेळेवर लावतेस ना? की त्या जीएसटीच्या नादात बसून राहतेस?"

बसून राहिले होते. चार तासांचे शुक्रवारी सहा झाले होते, शनिवारीही. आत कुठे दुखत-खुपत असेल तर मला कळत नाही, पाय उडून चुगली करतात. मला सगळं माहीत आहे हे. तरी तीनदा उडाल्याचं मी मोजलंच नव्हतं.

ताप १००.४. आई "हं" म्हणाली, विजयी वगैरे नाही, नुसतं हं. स्वयंपाकघरात बघितलं तर धण्याचं पाणी आधीच उकळून झाकून ठेवलेलं. म्हणजे बिरडी सोलता सोलताच तिचं सगळं ठरलं होतं.

कॅलिपर अजून माळ्यावर आहेत का, विचारायचं होतं. नाही विचारलं.

दोन पेले पाणी प्यायले. सकाळी तपासणीची बाटली भरायची आहे, आणि वीस तारीख काही थांबत नाही.

पाय आत्ता पांघरुणात परत उडाला. चौथा. तिला सांगायला हवं.