बाय-इन वेगळा, पोट वेगळं

पोकर स्पर्धेसाठी, बाय-इन (म्हणजे प्रवेश शुल्क) भरून पणजीत आलोय. कसिनोजवळचं हॉटेल घेतलं नाही. नदीपलीकडे बेतीला घरगुती खोली आहे, पुण्याचा एक दोस्त सोबत, भाडं निम्मं-निम्मं. बेती-पणजी फेरीबोट पायी जाणाऱ्यांना फुकट! मांडवीत नांगरलेली कसिनोंची झगमगती जहाजं बघत पाच-सात मिनिटांत पलीकडे. रात्री उशिरा मात्र टॅक्सीच, तीही टेबलावरच्या दोघा-तिघांत वाटून.

कंजूषपणा म्हणा हवं तर. पण हिशोब बघा. अशा स्पर्धेत साधारण १० ते १५ टक्के लोकांनाच पैसे मिळतात, बाकीचे (आज त्यात अस्मादिकही) हात हलवत परत. जिंकलात तरी त्या रकमेवर ३० टक्के कर, आणि हॉटेल-प्रवासाचा खर्च त्यातून वजा होत नाही. म्हणजे पत्ते आपल्या हातात नाहीत, करही हातात नाही, राहिलं काय तर खोली आणि जेवण.

जेवणाचं तर इथे दुःखच नाही. सकाळी पातळ भाजी, पाव, वर एक मिरची आणि चहा. एवढ्यावर दुपारपर्यंत डोकं शाबूत. दुपारी साधी मासळी थाळी, सोलकढी मागून घ्यायची. फक्त स्पर्धेच्या दिवशी भात अर्धाच, नाहीतर तिसऱ्या लेव्हलला (डावातल्या टप्प्याला) पेंग येते आणि माणूस उगाच कॉल करत, म्हणजे समोरच्याच्या पैजेइतके पैसे लावत बसतो. बुफेवर तुटून पडलेले काहीजण आज समोरच जांभया देत होते, तरी माझ्या आधी कुणी बाद झालं नाही ते सोडा.

उद्या छोट्या बाय-इनची साइड इव्हेंट (मुख्य स्पर्धेबाहेरची स्पर्धा) आहे. दोस्त म्हणतोय री-एंट्रीचे (बाद झाल्यावर पुन्हा उतरण्याचे) पैसे खोलीवरच ठेवून जाऊ.