तेवढ्यात

पाऊण तास मी तळ्याकाठी गुडघे दुमडून बसले होते. समोर पाण्यातून वर आलेला एक वाळका खुंट आणि खुंटावर खंड्या. खंड्याचं एक बरं असतं, बैठक ठरली की तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. मघाशी एकदा त्याने सूर मारला होता, मासा आणला होता, खुंटावर चांगला आपटून आपटून डोक्याकडून गिळलाही होता. तो सगळा सोहळा होईस्तोवर मी बॅगेच्या चेनशी झटत होते. आता मात्र सगळी तयारी होती. खंड्याने मान खालीवर करायला सुरुवात केली. अशी मान हलायला लागली की समजायचं, साहेबांना पाण्यात काहीतरी दिसलंय. मी श्वास रोखला. बोट बटणावर टेकवलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय काढताय मॅडम?"

"पक्षी."

"कुठाय?"

"होता."

गृहस्थ माणूस म्हणून चांगले होते. आपल्यामुळे काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि पाचेक मिनिटं माझ्याबरोबर त्या रिकाम्या खुंटाकडे बघत राहिले. "येईल, येईल," असा धीरही दिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गेले. नंतर कॅमेऱ्यात पाहिलं, तर दचकल्यामुळे बोट दाबलं गेलं होतं आणि खुंटाचा फोटो आला होता. काय सुरेख आला होता! खुंटाला पाण्याच्या पातळीशी चिकटलेली शेवाळाची हिरवी रेघसुद्धा स्पष्ट. इतका नेमका फोकस मला पक्ष्यावर आजवर साधलेला नाही.

फोटो काढणाऱ्याचा खरा वैरी 'तेवढ्यात' हा शब्द आहे. ढग बाजूला झाले, ऊन बरोबर भिंतीच्या अर्ध्यावर आलं, तेवढ्यात एक टेम्पो येऊन उभा राहिला. फुलपाखराने पंख उघडले, तेवढ्यात वारा सुटला. सगळं जुळून येतं आणि नेमकी तिथेच माशी शिंकते. एकदा तर फुलावर खरोखरीचीच माशी होती, आणि ती फुलावरून उठून माझ्या लेन्सवर येऊन बसली.

यात यंत्राचाही थोडा हात आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असतो. आपण डोळा लावून जे पाहतो, ते त्या आरशाने वर पाठवलेलं चित्र. बटण दाबलं की आरसा खाडकन वर उचलला जातो, प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर जातो, आणि तेवढ्यापुरता आपल्या डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे गंमत बघा, ज्या क्षणाचा फोटो निघतो तेवढाच एक क्षण काढणाऱ्याला दिसत नाही! त्याच्या अलीकडचा दिसतो, पलीकडचा दिसतो. मधली ती फट सेकंदाच्या लहानशा अंशाची, पण जगातले सगळे घुसखोर तिथेच दबा धरून बसलेले असतात. आता बिनआरशाचे कॅमेरे आलेत. माझा जुनाच आहे आणि सबब सांगायला फार उपयोगी पडतो.

मध्ये येणाऱ्या माणसांत सर्वांत निरुपद्रवी कोण, तर ज्याला आपला पत्ताच नसतो तो. तो आपल्या तंद्रीत येतो आणि जातो. चार पावलांचा प्रश्न. त्रास देतात ती सभ्य माणसं. त्यांना कॅमेरा दिसतो आणि ती थांबतात. हातातल्या पिशव्या सांभाळत, चेहऱ्यावर 'होऊ दे, होऊ दे, आम्हाला काही घाई नाही' असं हसू ठेवून थांबतात. आता काय करायचं? मला खरं तर ऊन अजून वीतभर सरकायला हवं असतं. पण समोर दोन भली माणसं माझ्यासाठी खोळंबलीत म्हटल्यावर मी घाईघाईने काहीतरी काढते, मान डोलावते, "झालं, झालं, थँक्यू" म्हणते. ती आनंदाने पुढे जातात. फोटो अर्थातच फुकट. कधी कधी उलट होतं. मी हाताने 'तुम्ही जा' म्हणते, ती 'नाही नाही, तुम्ही काढा' म्हणतात, मी 'अहो जा' म्हणते, मग दोघांनाही एकदमच दुसऱ्याचं पटतं. ती निघतात आणि मी बटण दाबते.

आणि तिसरे, वाकून जाणारे. यांच्याबद्दल माझ्या मनात फार माया आहे. लेन्ससमोरून जायचंय, पण फोटोत यायचं नाही, म्हणून ही माणसं कमरेत वाकतात, मान खाली घालतात, एक हात पुढे धरतात आणि लगबगीने निघून जातात. किती वाकलं म्हणजे पुरे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे सरळ चालत गेली असती तर निदान एक माणूस आला असता, तिथे फोटोच्या खालच्या कडेला नुसती एक पाठ येते, किंवा केसांचा एक डोंगर. माझ्याकडच्या दोन सूर्यास्तांत क्षितिजाच्या थोडं खाली असं एकेक टक्कल उगवलेलं आहे.

फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीला ही भानगड नव्हती. १८३८ साली फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसमध्ये आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा होता, पण चित्र उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे जे जे हलत होतं ते पुसलं गेलं. माणसं, घोडागाड्या, सगळं गायब. दिसतात ती रांगेने उभी झाडं, इमारती, आणि कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर टेकवून उभा राहिलेला एक माणूस. कॅमेऱ्यात सापडलेला पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो. बिचाऱ्याला कळलंही नसेल. त्याचे बूट त्या दिवशी जरा कमी मळले असते तर तोही वाहून गेला असता.

हे वाचल्यावर मला साहजिकच वाटलं की मिळाली युक्ती. मी लेन्सवर लावायची ती काळी काच आणली, प्रकाश हजार पटीने कमी करणारी. सेकंदाचा तिसावा भाग पुरेल तिथे त्या काचेमुळे अर्धा मिनिट शटर उघडं ठेवावं लागतं. एका जुन्या दगडी जिन्यापुढे ट्रायपॉड लावला. लोक चढत होते, उतरत होते, आणि मी पहिल्यांदाच कोणावरही न चिडता त्यांच्याकडे बघत होते. जा बाबांनो, हवं तितकं फिरा, तुम्ही यात नाही आहात. अर्धा मिनिट संपला. जिना खरोखर रिकामा आला होता. फक्त तिसऱ्या पायरीवर एकजण मोबाइल बघत बसलेला. मी काच बसवत होते तेव्हा तो नव्हता. मान थोडी हलल्यामुळे चेहरा पुसट झाला होता, बूट मात्र लख्ख आले होते.

हल्ली मोबाइलमध्ये नको असलेला माणूस बोटाने पुसता येतो. तोही प्रयोग मी त्या गृहस्थांवर केला. माणूस गेला, सावली राहिली. ओकीबोकी पायरी आणि तिच्यावर कोणाचीच नसलेली सावली. त्यापेक्षा बुटांसकट माणूस बरा, म्हणून त्याला परत आणून ठेवला.

घरच्या ग्रुप फोटोत तर बाहेरच्या कोणी मध्ये यायची गरजच नसते, सगळा घात आतूनच होतो. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. वीस माणसं उभी केली की कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असणारच. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं रीतसर गणित मांडलं आणि २००६ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. त्यांचा ठोकताळा असा, की वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागायचं. तितके फोटो काढले की एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतात. उजेड कमी असेल तर दोनने. मी हे आमच्या अठराजणांवर करून पाहिलं. अठरा भागिले तीन, सहा. पहिल्यात बेल वाजली. दुसऱ्यात जो दार उघडायला गेला तो नव्हता. तिसऱ्यात तो होता, पण जो आला होता तोही होता. चौथ्याच्या वेळी धाकट्याला शिंक आली. पाचव्यात सगळे धाकट्याकडे बघतायत. सहाव्यात सतराजणांचे डोळे टक्क उघडे होते आणि माझे मिटलेले.

टायमर लावला की आणखी मजा. दहा सेकंदांत बटणापासून आपल्या जागेपर्यंत पळायचं आणि पोचल्यावर पळालोच नाही असा चेहरा करायचा. कॅनडात बान्फच्या एका तळ्याकाठी २००९ साली एका जोडप्याने असाच दगडांवर कॅमेरा ठेवून टायमर लावला. आवाजाने कुतूहल वाटून जमिनीतली एक खार बरोबर पुढ्यात येऊन उभी राहिली. कॅमेऱ्याने क्षणाचाही विचार न करता फोकस खारीवर नेला, ती दोघं मागे धूसर झाली, आणि तो फोटो जगभर गाजला. खारीचं मला काही वाटत नाही. खटकतो तो कॅमेरा. पैसे आपण मोजायचे, बॅग आपण वाहायची, आणि ऐन वेळी याने जाऊन परक्याला मिळायचं.

मोबाइल तर आणखी पुढचा. त्याच्यात घुसखोर आतच बसलेला असतो. बहिणीचं बाळ माझ्याकडे झोपलं होतं आणि झोपेत हसायला लागलं. आधी एका गालाला बारीक खळी, मग ओठाचा कोपरा वर. मी मोबाइल अलगद वर धरला, स्वतःची सावली पडू नये म्हणून भिंतीला चिकटले. तेवढ्यात स्क्रीनवरचं बाळ नाहीसं झालं, तिथे बहिणीचा फोटो आला आणि फोन मोठ्याने वाजायला लागला. बाळ भेदरून उठलं. "अगं, सहज केला," ती म्हणाली, "झोपलाय ना? मग एखादा फोटो काढून पाठव की."

इतकं सगळं सोसलेलं असल्यामुळे दुसऱ्याच्या फोटोत आपण येऊ नये याबाबतीत मी फार काटेकोर झाले आहे. परवा सकाळी बागेतल्या अरुंद वाटेवर एक वयस्कर गृहस्थ मोबाइल पुढे धरून उभे होते. हात पूर्ण लांब, मान मागे, हनुवटी वर, एक डोळा बारीक. हा माणूस काहीतरी मनापासून टिपतोय हे लांबूनच कळत होतं. मी जागच्या जागी थांबले. माझ्यामागून एक बाई येत होत्या, त्यांनाही मी हाताने थांबवलं. त्यांनी बघितलं, त्यांना पटलं, त्याही थांबल्या. एक मिनिट गेला. गृहस्थांनी मोबाइल आणखी थोडा लांब नेला, परत जवळ आणला. फोकस जमत नसणार. दोन मिनिटं झाली. मागे आता चौघं होतो. शेवटी त्यांनी मान वर केली आणि आमची रांग त्यांना दिसली.

"काही हवंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, तुमचा फोटो होऊ दे म्हटलं."

"कसला फोटो? चष्मा घरी राहिला. मुलाचा मेसेज आलाय, तो लागेना वाचायला."

मग मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. येताना चष्मा विसरलात, असंच त्यात लिहिलं होतं. त्यांनी मान हलवली आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांपुढे लांब धरून मुलाला उत्तर टाइप करायला घेतलं. आम्ही चौघं एकामागोमाग एक निघालो, आणि त्यांच्यासमोरून जाताना चौघंही कमरेत वाकलो.