पीकला फुटलेला खांदा

सकाळी लॅबमध्ये शिरले तर ज्युनिअर पोरगा प्रिंटआउट घेऊन दारातच उभा. "मॅडम, बॅच गेली."

बॅच बायव्हॅलिरुडिनची. जळवेच्या लाळेतल्या हिरुडिनवरून बेतलेलं हे २० अमिनो आम्लांचं पेप्टाइड अँजिओप्लास्टी करताना रक्त गोठू नये म्हणून देतात. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, रात्रभरात एकाच व्हायलमधून (नमुन्याच्या कुपीतून) १२ इंजेक्शनं झाली होती आणि त्यानं प्रिंट काढलेल्या शेवटच्या क्रोमॅटोग्रामवर (यंत्रानं काढलेल्या आलेखावर) मुख्य पीकच्या, म्हणजे शिखराच्या, उतरणीला चक्क खांदा फुटला होता.

त्याच व्हायलचं मास घेतलं, म्हणजे रेणूंचं वजन मोजलं. पोरगा म्हणाला, आयसोटोप असतील, म्हणजे तोच रेणू, फक्त एखादा अणू जड. त्याचंही चुकत नव्हतं. दोन प्रोटॉन घेतलेलं हे पेप्टाइड (यंत्र वजनाला भारानं भागतं, इथे दोननं) १०९०.५० ला दिसतं, मग १०९१.००, १०९१.५० अशा अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. रेणूत ९८ कार्बन, त्यामुळे दुसरी पायरी पहिलीपेक्षा उंचच असते. खांद्यातलं जे काही होतं ते १०९०.९९ ला, म्हणजे बरोब्बर त्या उंच पायरीच्या आडोशाला. मग एचपीएलसीवर ग्रेडियंट सपाट केला, म्हणजे घटक बाहेर काढणारं अॅसिटोनायट्राइल मुंगीच्या पावलानं वाढवलं. खांदा सुटा झाला आणि त्याला १०९०.५० ची पायरीच नव्हती! अख्ख्या रेणूचं वजन जवळजवळ एकानं वाढलेलं, नेमकं सांगायचं तर ०.९८४ नं.

रेणूचे तुकडे पाडले. शेपटाकडून ११ अमिनो आम्लांचा तुकडा जसाच्या तसा, बारावं धरलं की एकानं जड. शेपटाकडून बारावं म्हणजे डोक्याकडून नववं, अॅस्परॅजिन. त्याच्या पुढे ग्लायसिन. ही जोडी म्हणजे पेप्टाइडवाल्यांची जुनी डोकेदुखी. ग्लायसिनला बाजूची साखळी नाही, वाट अडवायला कुणी नाही. त्याचा नायट्रोजन अॅस्परॅजिनच्या अमाइडवर जाऊन बसतो, अमोनिया निसटतो, एक कडं तयार होतं आणि पाण्यानं ते उघडलं की अॅस्परॅजिनच्या जागी अॅस्पार्टिक आम्ल. (किंवा आयसो-अॅस्पार्टिक. वजन दोघांचं एकच, त्या दिवशी मी त्यात शिरले नाही.) आम्लात हे रेंगाळतं, सामू सातच्या वर गेला की धाव घेतं.

म्हणजे शुद्धीकरणानंतरचं फ्रॅक्शन (गोळा केलेला भाग) रात्रभर भलत्याच सामूला पडून राहिलं असणार. प्रॉडक्शनच्या साहेबांना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझं फ्रॅक्शन आम्लातच होतं. बॅच रेकॉर्ड पाठवतो, तुम्हीच बघा."

रेकॉर्ड आलं. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

दुपारी डबा तसाच ठेवून मी बाराही इंजेक्शनं एकावर एक चढवून पाहिली. पहिल्यात खांदा नव्हताच. तिसऱ्यात जेमतेम फुगवटा, मग तो चढत चढत बाराव्यात ठसठशीत. बॅचमधली अशुद्धी व्हायलमध्ये बसून रात्रभर वाढत नाही. वाढते ती द्रावणात होणारी गोष्ट.

नमुना विरघळवला होता मी, संध्याकाळी, बस गाठायच्या घाईत. शेल्फवर एक लिटरच्या दोन सारख्याच बाटल्या. एकीत आमचं पाणी. दुसरीत अमोनियम बायकार्बोनेट, सामू ८, दुसऱ्या प्रोजेक्टच्या ट्रिप्सिन पचनासाठी मीच करून ठेवलेलं. लेबलवरचं अक्षरही माझंच. पाण्याच्या बाटलीचं सील अजून शाबूत होतं.

नवा नमुना पाण्यात केला, ट्रे पाच अंशांवर ठेवला. संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या इंजेक्शनांत पीक सरळ, सुईसारखं. डेव्हिएशनच्या (झालेल्या गडबडीच्या नोंदीच्या) फॉर्मवर 'मूळ कारण' या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलंच होतं, पण आधी फोन उचलला आणि साहेबांना सगळं सांगितलं.

पलीकडे दोन क्षण काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "डबा खाल्लात का, मॅडम?"